सीताबर्डीची फौज रंगवताना

रामदासपेठेतून बर्डीच्या बाजाराकडे पायी निघालेल्या माणसाला थोड्याच वेळात जी टेकडी समोर दिसू लागते, तिच्यावर २६ नोव्हेंबर १८१७ च्या सायंकाळी सुरू झालेला तोफाबंदुकांचा मारा दुसऱ्या दिवशी दुपारीच थांबला, आणि तेवढ्या अठरा तासांत नागपूरकर भोसल्यांच्या दौलतीचे भवितव्य बहुतांशी ठरून गेले. आज त्या टेकडीच्या अवतीभोवती मेट्रोची रहदारी आहे, रेल्वेचे स्थानक आहे आणि टेकडीच्या गणपतीला जाणाऱ्या भाविकांची वर्दळ आहे. त्यामुळे मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब भोसल्यांची फौज कोठून चालून आली आणि इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सच्या रक्षणाकरिता कर्नल स्कॉटने कोणत्या उंचवट्यावर शिपाई तैनात केले, हे जागेवर उभे राहूनही सहसा उमगत नाही. ते उमगावे म्हणून घरातील एका टेबलावर ती टेकडी उभारावी, बोटभर उंचीच्या शिपायांच्या दोन फौजा स्वहस्ते रंगवाव्यात आणि नियमांनिशी ती लढाई पुन्हा खेळून पाहावी, अशी इच्छा ज्या वाचकांच्या मनात असेल, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

पटावर युद्ध मांडण्याची कल्पना आपल्याकडे चतुरंगाइतकी जुनी आहे; परंतु प्रत्यक्ष भूमीचा नकाशा, अंतराचे मोजमाप आणि फाशांनी ठरणारे नुकसान अशा रीतीचा युद्धखेळ प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास रायस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने रूढ केला, आणि १९१३ साली एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून तो घरगुती जमिनीवर, खेळण्यातल्या शिपायांसह, सर्वसामान्यांच्या हाती दिला. दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडणाऱ्या, किंवा तान्हा पोळ्याचा लाकडी नंदी रंगवून मिरवणाऱ्या आपल्या मुलांना हा छंद परका वाटण्याचे काही कारण नाही.

प्रथम आकार आणि संख्या यांचा विचार करावा, कारण नवखा मनुष्य बहुधा येथेच अडखळतो. या खेळातील प्रतिमा मुख्यत्वे २८ मिलिमीटर, १५ मिलिमीटर आणि एकास बहात्तर या प्रमाणांत मिळतात. शेवटच्या प्रमाणात उभा शिपाई सुमारे २४ मिलिमीटर भरतो. स्कॉटच्या हाताखाली मद्रासच्या विसाव्या व चोविसाव्या पलटणी, बंगालच्या सहाव्या रिसाल्याच्या तीन तुकड्या आणि थोड्या तोफा मिळून सुमारे तेराशे माणसे होती. वीस माणसांमागे एक प्रतिमा धरली तर ही फौज पासष्ट प्रतिमांत बसते आणि एका हिवाळ्यात रंगवून होते. भोसल्यांची फौज मात्र याच्या कित्येक पट मोठी असल्यामुळे ती सगळी रंगवण्याचा संकल्प सोडावा हेच इष्ट. या लढाईचा गाभा सीताबर्डीच्या दोन उंचवट्यांपैकी लहान टेकडीवर आहे: शहराच्या वस्तीला भिडलेल्या घरांच्या आडून भोसल्यांच्या चाकरीतील अरबांनी रात्रभर तिच्यावर मारा केला, सकाळी तेथील दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट होऊन गोंधळ माजताच ती काबीज केली, आणि पुढे इंग्रजांनी ती परत घेतली. एवढाच भाग मांडावा, आणि त्याकरिता साठ-सत्तर अरब व त्यांच्या मागे थोडे मराठा स्वार पुरेसे आहेत.

आता रंगाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगतो, आणि या लेखातील सर्वांत महत्त्वाचे जे सांगायचे ते हेच आहे, असे समजावे. मद्रासच्या पहिल्या पलटणीचा १८०६ सालच्या वेल्लोरच्या उठावात हात होता, आणि त्या उठावाच्या कारणांत शिपायांवर लादलेली नव्या घाटाची पगडी हे एक प्रमुख कारण होते. उठावानंतर तिचे नाव सैन्याच्या यादीतून खोडून तिला चोविसावी असा निराळा क्रमांक देण्यात आला. अकरा वर्षांनी याच पलटणीने सीताबर्डीची लहान टेकडी लढवली, आणि त्या कामगिरीचे फळ म्हणून तिने जे मागितले ते होते आपला जुना क्रमांक आणि अंगरख्याच्या गळपट्टी व बाह्यांवरील आपला जुना रंग. आणि ते तिला मिळाले. ज्या रंगाकरिता माणसांनी जीव धोक्यात घातला, डोक्यावरील ज्या वस्त्राकरिता बंड केले, तो रंग आणि ते वस्त्र आपण हाताशी आलेली कोणतीही बाटली उघडून ठरवावे, हे मला योग्य वाटत नाही. म्हणून कुंचला उचलण्याआधी चौकशी करावी, आणि चौकशीत जे निष्पन्न होईल ते वहीत टिपून ठेवावे.

या चौकशीची काही फलिते येथेच देतो. मद्रासच्या पायदळाचा अंगरखा तांबडा, छातीवर फुलीसारखे आडवे आलेले पट्टे पांढरे, आणि चकमकीच्या बंदुकीची नळी घासून उजळलेल्या पोलादाची. बंगालच्या रिसाल्याचा त्या काळचा अंगरखा मात्र फिकट निळसर करडा. खाकी रंगाचा या लढाईशी संबंध नाही. तो हिंदुस्थानातील फौजेत यानंतर पुष्कळ वर्षांनी आला. अरबांना वर्दी नव्हती. कमरेला जंबिया, हातात लांब नळीची तोड्याची बंदूक, आणि अंगावर ज्याच्या त्याच्या ऐपतीचे वस्त्र. भोसल्यांकडील शिलेदार स्वतःचा घोडा आणि सरंजाम घेऊन चाकरीस येत असल्याने, त्यांच्या रांगेत दोन खोगिरे एकसारखी रंगवणे हाच दोष ठरेल. वस्त्रांच्या रंगांविषयी एक सर्वसामान्य कसोटी फार उपयोगी पडते: कृत्रिम रंगाचा शोध १८५६ साली लागला, म्हणून १८१७ सालचे प्रत्येक कापड निळीने, आलीच्या मुळांनी, मंजिष्ठेने, हळदीने, कुसुंब्याने किंवा लाखेने रंगवलेले होते. आल तर आपल्या विदर्भातच पिकत असे. हे रंग समृद्ध असले तरी झगझगीत नसतात. तेव्हा बाटलीतील तांबड्यात किंचित तपकिरी, निळ्यात किंचित करडा आणि भगव्यात गेरूची छटा मिसळल्याखेरीज ते प्रतिमेवर चढवू नयेत. शस्त्रांची घडण डोळ्यांनी पाहायची असेल तर १८६३ साली स्थापन झालेल्या आपल्या अजब बंगल्यात शस्त्रांचे दालन आहे. तेथे तासभर उभे राहून म्यान, मूठ आणि नळीवरची बंधने नीट न्याहाळावीत.

पूर्वतयारी कंटाळवाणी असते, परंतु ती टाळणाऱ्याचा रंग टिकत नाही. साच्यातून निघालेल्या प्रतिमेच्या अंगावर तेलकट थर असतो. कोमट पाणी, थोडा साबण आणि जुना दातांचा ब्रश यांनी तो धुऊन काढावा, आणि प्रतिमा त्रिमित छपाईच्या रेझिनची असेल तर प्रथम स्पिरिटने धुवावी. साच्याच्या दोन अर्धांची जी बारीक रेघ अंगावरून गेलेली असते, ती पात्याच्या पाठीने खरवडून, बारीक कानस आणि पॉलिश पेपर फिरवून नाहीशी करावी. कारण पुढे सावलीचा पातळ रंग देताच ती रेघ अधिकच उठून दिसते. सुटे हात फेविक्विकने जोडावेत आणि फटी एम-सीलने भराव्यात. एम-सील दाबताना बोट ओले ठेवले म्हणजे ते चिकटत नाही. मऊ प्लास्टिकच्या प्रतिमांच्या बंदुका वाकतात आणि वाकताना रंगाच्या खपल्या उडतात, म्हणून ज्याला निवड आहे त्याने धातू किंवा टणक प्लास्टिक घ्यावे. जुन्या धातूच्या शिपायांत शिसे असते. ते कानसताना तोंडावर मुखपट्टी बांधावी, नंतर हात धुवावेत, आणि लहान मुलांच्या हाती ते देऊ नयेत.

प्रतिमा बाटलीच्या बुचावर दुहेरी चिकटपट्टीने बसवली की अस्तराचा रंग, ज्याला सारे जण प्रायमर म्हणतात, तो द्यावा. मोटारींच्या सामानाच्या दुकानात करड्या प्रायमरचे फवाऱ्याचे डबे मिळतात व ते उत्तम चालतात. प्लास्टिकवर मात्र एका फुटक्या तुकड्यावर आधी फवारून पाहावे. येथे नागपूरच्या हवेचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो तेव्हा फवाऱ्याचा थेंब प्रतिमेला पोहोचण्यापूर्वीच हवेत वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो; श्रावणात हवेतील दमटपणामुळे वार्निशवर पांढुरके धुके धरते. उन्हाळ्यात फवारायचेच असेल तर सूर्य वर येण्यापूर्वी गच्चीवर जावे, आणि ज्या खोलीत कूलर चालू आहे तेथे वार्निश कदापि फवारू नये, कारण कूलरने भरलेली खोली ही घरातच आणलेला पावसाळा होय. कार्तिकापासून माघापर्यंतचा कोरडा, सौम्य काळ या कामाला सर्वांत अनुकूल, आणि योगायोगाने लढाईचा वर्धापनदिनही त्यातच येतो.

रंगांच्या बाबतीत विलायती बाटल्यांवाचून काम अडते, ही समजूत सोडून द्यावी. स्पेन व इंग्लंडहून येणारे खास रंग अतिशय बारीक कुटलेले असतात आणि ज्याला परवडतील त्याने ते अवश्य वापरावेत. परंतु दांडेकर बंधूंनी १९३१ साली ज्या कारखान्याचा पाया घातला त्या कॅम्लिनचे ॲक्रिलिक रंग आणि फेविक्रिलच्या बाटल्या शालेय साहित्याच्या दुकानात सहज मिळतात, आणि त्यांनी संपूर्ण फौज रंगवता येते. त्यांचा कण किंचित जाड असल्याने ते पाणी घालून सायीखालच्या दुधाइतके पातळ करावेत आणि एका जाड थराऐवजी दोन किंवा तीन हात द्यावेत. पहिला हात ठिगळासारखा दिसला तरी धीर सोडू नये. आपल्याकडील कोरड्या हवेत पाटीवरचा रंग पाहता पाहता वाळतो, त्याला उपाय असा: पसरट डब्यात ओला केलेला जाड टिश्यू ठेवून त्यावर बटर पेपर पसरावा आणि रंग त्यावर काढावा, म्हणजे खालचा ओलावा झिरपून तो बराच वेळ टिकतो. कुंचले दोनच, पण चांगल्या टोकाचे घ्यावेत. एक आणि दोन क्रमांकाचा कुंचला टोक धरत असेल तर डोळ्यापर्यंत सर्व काही रंगवतो, उलट तीन शून्यांच्या कुंचल्यातला रंग टेकवण्यापूर्वीच सुकतो. केसांच्या मुळाशी रंग जाऊ देऊ नये, कुंचल्याने रंग घोटू नये, कुंचला पाण्यात उभा ठेवू नये, आणि टोक करण्याकरिता ओठांत धरू नये. काही रंगद्रव्ये विषारी असतात.

यानंतर या कलेचे मर्म येते. पूर्ण पुरुषाच्या अंगावर ऊन पडले की काखेत, पगडीच्या खाली, अंगरख्याच्या चुण्यांत गडद छाया आपोआप पडते. परंतु बोटभर प्रतिमेच्या चुण्या इतक्या उथळ असतात की खोलीतील प्रकाश त्यांत सर्वत्र सारखाच पोहोचतो, आणि म्हणून एकरंगी रंगवलेला शिपाई, त्याची कोरणी कितीही सुंदर असो, दोन हातांवरून निव्वळ एक ठिपका दिसतो. जी छाया निसर्ग देत नाही ती चित्रकाराने रंगाने द्यायची, आणि ती वास्तवाहून अधिक तीव्र द्यायची. सोपी रीत अशी की मूळ रंग पूर्ण वाळल्यावर त्याच रंगाची गडद, अतिशय पातळ पाणीदार छटा, म्हणजे वॉश, सर्वांगावरून फिरवावी. ती खाचांत उतरून बसते. खाचेबाहेर साचलेले थेंब कोरड्या कुंचल्याने टिपून घ्यावेत. त्यानंतर मूळ रंगात थोडा फिकट रंग मिसळून खांदे, गुडघे, पगडीचे पीळ आणि बाह्यांच्या कडा एवढ्याच उंचवट्यांवर स्पर्श करावा. तांबड्याला उजळवताना पांढरा मिसळला तर गुलाबी होतो; तेथे नारिंगी किंवा पिवळसर माती वापरावी. निव्वळ काळा आणि निव्वळ पांढरा यांना या प्रमाणात जागाच नाही: काळ्या ढालीला गडद करडा आणि पांढऱ्या पट्ट्याला आधी करडसर साय-रंग देऊन फक्त कडेला पांढरा द्यावा.

चेहरा सर्वांत आधी पाहिला जातो, म्हणून तेथे वेळ खर्च करण्यास कचरू नये. विलायती बाटल्यांवर देहवर्ण म्हणून जो गुलाबी रंग विकला जातो तो आपल्या शिपायाला शोभत नाही. बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर यांच्या मिश्रणात अत्यल्प पांढरा घालून मूळ वर्ण सिद्ध करावा. छायेसाठी त्यात बर्न्ट अंबर व निळ्याचा एक थेंब, आणि नाक, गाल व कपाळासाठी पुन्हा यलो ऑकर. तामिळ-तेलुगू मुलखातील शिपाई, हद्रमौतकडचा अरब आणि वऱ्हाडी स्वार यांचे वर्ण एकाच पेल्यातून रंगवू नयेत; मिश्रणाचे प्रमाण माणसागणिक किंचित बदलले की रांग जिवंत होते. महालातील चितार ओळीत गणपतीच्या दिवसांत जाऊन मूर्तिकारांचे काम पाहण्याचा मी आग्रहाने सल्ला देतो, कारण पांढऱ्या अस्तरापासून देहवर्णाच्या छटांपर्यंत तेथे जो क्रम दिसेल तोच आपलाही आहे. भेद एकाच ठिकाणी आहे. मूर्तिकार डोळ्यांची आखणी अखेरीस करतो, आणि त्यामागे श्रद्धेचे कारण आहे. लघुप्रतिमेचे डोळे मात्र अगदी आरंभी करावेत, म्हणजे सांडलेला पांढरा रंग पुढे वर्णाखाली झाकता येतो. पंधरा मिलिमीटरच्या प्रतिमेला तर डोळे काढूच नयेत; भुवईखाली एक गडद रेघ पुरते.

घोड्यांविषयी फार लिहीत नाही: तपकिरी घोड्याचे पाय, आयाळ आणि शेपूट बहुधा काळी असते एवढे जरी सांभाळले तरी निम्मे काम झाले.

ज्यांचे मन वाहनांकडे ओढ घेते त्यांनी अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथील १९९४ साली सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय पाहिल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नये. सीताबर्डीच्याच साली, १८१७ मध्ये, उभारणी झालेले पूना हॉर्स हे अश्वदळ १९६५ च्या सप्टेंबरात फिल्लौराच्या रणात सेंच्युरियन रणगाड्यांवर स्वार होऊन लढले आणि त्याचे नायक लेफ्टनंट कर्नल तारापोर यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले, हे लक्षात घेता या दोन लढाया शेजारी शेजारी रंगवण्यात औचित्य आहे. रणगाड्याचा हिरवा रंग सर्वत्र सपाट दिला तर लोखंडाचे वजन दिसत नाही. वरच्या सपाट पृष्ठांना फिकट आणि बाजूंना गडद हिरवा द्यावा, झाकणांच्या व जोडांच्या भोवती पातळ तपकिरी उतरवावा, आणि माणसे जेथून चढतात त्या कडांवर स्पंजच्या कपच्याने गडद तपकिरीचे मोजके टिपके द्यावेत. गंज हा पुष्कळांचा मोह असतो. चालत्या रणगाड्याच्या पट्ट्याचा जमिनीला घासणारा भाग घासून चकाकतो, गंज फक्त आतल्या सांध्यांत राहतो. आणि धूळ खालून वर विरळ होत जाते. पंजाबच्या सपाटीवरची फिकट धूळ रंगीत खडूच्या भुकटीने उत्कृष्ट साधते.

अखेरीस बैठक. पुष्कळ चांगली प्रतिमा हिरव्यागार विलायती गवतावर उभी केल्याने फुकट जाते. बर्डीची टेकडी काळ्या बसाल्ट खडकाची आहे. स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूर परिसराच्या खडकांचा अभ्यास करून जे लिहिले त्यामुळे ती भूगर्भशास्त्रज्ञांनाही परिचित आहे. तेव्हा बैठकीवर फेविकॉल लावून चहाच्या गाळणीतून चाळलेली कन्हानची वाळू शिंपडावी, तिला गडद करडा-तपकिरी रंग द्यावा, त्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट करडा घासावा, आणि नोव्हेंबरअखेरचे अर्धवट वाळलेले, पिवळसर गवत दोन-तीन ठिकाणीच लावावे. दोन्ही फौजांना हीच बैठक द्यावी, म्हणजे शत्रू-मित्र एकाच भूमीवर उभे दिसतात. टेकडीवरचा किल्ला या लढाईनंतर इंग्रजांनी बांधला आणि आज तो लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट या दिवशी तो लोकांना खुला होतो, त्या संधीचा लाभ घेऊन दगडाचा आणि मातीचा रंग प्रत्यक्ष टिपून आणावा.

रंग पुरता वाळल्यावर प्रथम चकाकणाऱ्या वार्निशचा एक हात संरक्षणाकरिता आणि त्यावर मंद वार्निशचा एक हात शोभेकरिता द्यावा. प्रत्येक बैठकीच्या खाली पलटणीचे नाव, रंगवल्याचे साल आणि वापरलेली मिश्रणे बारीक अक्षरांत लिहून ठेवावीत, म्हणजे पुढे भर घालताना छटा जुळते. आणि एवढे झाल्यावर त्या फौजा काचेच्या कपाटात कोंडून ठेवू नका. शेजारची मुले बोलवा, लहान टेकडी कोणी धरायची आणि कोणी घ्यायची हे फाशांवर ठरवा, त्यांना शिपाई हातात धरू द्या. वार्निशचे दोन हात त्याचसाठी दिलेले असतात, आणि एखाद्या अरबाच्या पगडीचा रंग उडालाच तर तो पुन्हा लावता येतो.